नाहीतरचा रकाना

“आणि नाहीतर?” हेरवाडकर मॅडमनी विचारलं.

त्यांच्या हातातली लाकडी पट्टी माझ्या कागदावरच्या तिसऱ्या ओळीखाली आडवी धरलेली होती. त्या ओळीत मी लिहिलं होतं, की दुधाचं तापमान बहात्तर अंश किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तर ‘तयार’.

“नाहीतर ‘तयार नाही’. ते खालच्या ओळीत आहे,” मी म्हणाले.

“आणि तापमान अजून कळलंच नसेल तर? यंत्र आत्ता चालू झालंय, पहिला आकडा यायचाय. तेव्हा तुझं मॉड्यूल काय सांगणार?”

तो रकाना रिकामा होता. मॅडमनी पट्टी उचलली, कागद माझ्याकडे सरकवला आणि नेहमीच्या शांतपणे म्हणाल्या, “हे असं लिही विभावरी, की उद्या तू नसलीस तरी कुणालाही नुसतं वाचून हे मॉड्यूल नव्यानं तयार करता यावं. तुला एक शब्द न विचारता.”

‘उद्या तू नसलीस तरी’ एवढंच मला ऐकू आलं. मला तिसरा महिना चालू होता. डॉक्टरीणबाई आणि माझा नवरा जयसिंग यांच्याखेरीज ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. पण गेला आठवडाभर मी चहाचा वास आला की खिडकीपाशी जाऊन उभी राहत होते, आणि मॅडमच्या नजरेतून रिकामा रकाना सुटायचा नाही, तर हे कसं सुटणार?

आमची कंपनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या माडीवर होती. खाली दिवसभर लोखंड ओतलं जायचं आणि वर आम्ही मोजकी माणसं कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. साल होतं त्र्याण्णव. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे तेव्हा समजावून सांगावं लागायचं. आमचे मालक मगदूमसाहेब सांगायचे, “यंत्राला अक्कल पुरवतो आम्ही.” त्या वर्षी आम्ही अक्कल पुरवत होतो ती आंबेवाडीच्या दूध संघाला. तिथं दूध तापवून, गार करून पिशव्यांत भरायचं नवं यंत्र बसत होतं. दूध पुरेसं तापलं असेल तर पुढे सोडायचं, नसेल तर व्हॉल्व्ह फिरवून मागच्या टाकीत परत पाठवायचं. सांगायला सोपं, पण चुकलं तर कच्चं दूध पिशव्यांतून घरोघर जाणार.

या कामाचे आम्ही भाग पाडले होते. एकेका भागाला मॉड्यूल म्हणायचो आणि एकेक जण एकेक मॉड्यूल लिहायचा. माझं तापमानाचं. दूध तयार आहे की नाही एवढंच त्यानं बाकीच्यांना सांगायचं. ते तापमान कुठल्या सेन्सरवरून घेतं, किती वेळा मोजतं, ही त्याची आतली बाब. ती इतरांना माहीत असता कामा नये, असा मॅडमचा दंडक होता. कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करायचा, शिट्टीच्या आत काय आहे ते स्वयंपाक करणाऱ्याला कशाला हवं, असं त्या म्हणायच्या. आत काय आहे हे ठाऊक झालं की माणूस त्यावर विसंबतो, आणि उद्या आतलं बदललं की त्याचं काम कोसळतं.

म्हणून प्रोग्रॅम लिहिण्याआधी तक्ता लिहायचा. डाव्या बाजूला परिस्थिती, उजव्या बाजूला त्या परिस्थितीत मॉड्यूल काय उत्तर देईल ते. एकही रकाना रिकामा चालायचा नाही. दोन ओळी एकाच वेळी खऱ्या होता कामा नयेत. आणि ‘कसं’ हे कागदावर कुठेही डोकावलं की कागद परत यायचा, लिहायचं ते फक्त ‘काय’. इंदुमती हेरवाडकर बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवून आमच्याकडे आल्या होत्या. खळ दिलेली सुती साडी, हातात ती पट्टी, आणि ओठांवर ‘आणि नाहीतर?’ आम्ही त्यांना मागे ‘नाहीतरबाई’ म्हणायचो. दुपारी डबा उघडताना कुणी म्हणालं की आज भेंडीच असणार, तर दुसरा हमखास विचारायचा, आणि नाहीतर?

पण त्या दिवशी मला हसू येईना. आमच्याकडे शैला नावाची एक मुलगी होती. हुशार, माझ्याहून जुनी. ती बाळंतपणाला गेली आणि चार महिन्यांनी परत आली, तर तिच्या टेबलावर दुसराच कुणी बसलेला. तिला कुणी काढलं नव्हतं. मगदूमसाहेबांनी तिला चहा पाजला, बाळाला कपडे दिले आणि म्हणाले, “आता पोरगं मोठं कर, मग बघू.” ते कधी बघितलंच नाही. कायदा होता, पण आमच्यासारख्या मूठभर माणसांच्या कंपनीपर्यंत त्याचे हात पोचायचे नाहीत. आणि मला हे काम सोडायचं नव्हतं. मला ते आवडत होतं, जीव लावून आवडत होतं, आणि बाळही हवं होतं. दोन्ही हवं म्हणणं त्या काळी हावरटपणाचं लक्षण समजलं जायचं.

पुढच्याच आठवड्यात तौफिक मुजावर आला. सांगलीचा, नुकता इंजिनिअर झालेला, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर काम दिलं. विभावरीचा तक्ता वाचायचा आणि त्यावरून तापमानाचं मॉड्यूल पहिल्यापासून लिहायचं. तिचा प्रोग्रॅम बघायचा नाही. तिला काही विचारायचं नाही. अडलं तर प्रश्न मॅडमना विचारायचा, आणि मॅडम फक्त तक्त्यातली ओळ दाखवणार.

“म्हणजे माझं मॉड्यूल असताना दुसरं कशाला?” मी विचारलं.

“तक्ता पुरा आहे की नाही, ते कळायला,” मॅडम म्हणाल्या.

माझं टेबल आणि तौफिकचं टेबल यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं एकच वस्तू बनवत बसलो होतो आणि तिच्याबद्दल सोडून सगळ्या विषयांवर बोलत होतो. तो त्याच्या अम्मीच्या हातचा शीरखुर्मा घेऊन आला, तेव्हा मी तीन वाट्या खाल्ल्या आणि त्यानं काही न समजल्याचा चेहरा केला. मला त्याचा राग करायचा होता. माझ्या जागेवर बसायला आलेला माणूस म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. पण त्याच्यावर राग टिकायचाच नाही, हा एक वैतागच होता.

घरी जयसिंगला सगळं सांगितलं. तो एका पतसंस्थेत नोकरीला, आणि त्याच्या मते जग दोन प्रकारच्या माणसांचं बनलेलं होतं, किल्ल्या जवळ ठेवणारी आणि किल्ल्या देऊन टाकणारी.

“येडी का काय तू,” तो म्हणाला. “सगळं लिहून द्यायचं नसतंय. थोडं आपल्याजवळ ठेवायचं. गरज लागली की येतील झक मारत.”

“एकही रकाना रिकामा ठेवता येत नाही तिथं.”

“मग त्यास्नी दिसणार न्हाई असं काहीतरी ठेव की.”

मी त्या रात्री त्याच्यावर चिडले. खरं तर तो बोलला ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं, म्हणून जास्त चिडले. पण तक्ता लिहायला बसले की मला अर्धवट लिहिताच यायचं नाही. मॅडमची पट्टी समोर नसली तरी दिसायची. पोटातलं पोर आणि टेबलावरचा तक्ता, दोन्ही एकदमच वाढत होतं. मॅडमनी अखेर एके दिवशी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पट्टी सरकवली आणि एकदाही ‘नाहीतर’ म्हटलं नाही. मला वाटलं, संपलं. तौफिकला आता माझी गरज उरली नाही.

आंबेवाडीला चाचणी ठरली. दुधाऐवजी यंत्रातून पाणी सोडायचं आणि माझ्या मॉड्यूलच्या जागी तौफिकचं बसवायचं. बाकी काहीच बदलायचं नाही. मगदूमसाहेब स्वतः आले होते. संघाच्या माणसांनी आम्हाला ताक दिलं आणि आम्ही पांढऱ्या फरशीवर अनवाणी उभे राहून काचेच्या नळीतून जाणारं पाणी बघत बसलो. पाणी तापलं, व्हॉल्व्ह पुढे फिरला. वाफ कमी केली, पाणी निवलं, व्हॉल्व्ह मागे फिरला. तौफिकचं मॉड्यूल अगदी माझ्यासारखंच वागत होतं. मी त्याच्याकडे बघून हसले आणि आतून मला रडू येत होतं.

तेवढ्यात फरशी धुणाऱ्या माणसाच्या रबरी नळीचा सेन्सरच्या वायरीला हिसका बसला. वायर सुटली. पडद्यावरचा आकडा एकदम शेकड्यांत चढला. व्हॉल्व्ह खटकन पुढे फिरला आणि गार पाणी पुढच्या टाकीत जाऊ लागलं.

“उंदीर,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला सांगावं लागलं. वर्षभरापूर्वी जुन्या यंत्राची माहिती घ्यायला मी इथं आले होते, तेव्हा एका सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती. वायर तुटली की सेन्सर आकडा दाखवायचा बंद होत नाही, उलट दूध आगीसारखं तापलंय असा काहीच्या काही आकडा दाखवतो. तेव्हाच मी माझ्या प्रोग्रॅममध्ये, आकडा असा वेडावाकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी सोय करून टाकली होती. ती इतकी अंगवळणी पडली होती, की तक्ता लिहिताना ती सांगायला हवी हे डोक्यातच आलं नाही. तक्त्यात होतं, बहात्तर किंवा जास्त. तौफिकनं तेच केलं होतं. त्याची काहीही चूक नव्हती. मॅडमच्या पट्टीखालूनही ती ओळ निसटली होती.

मगदूमसाहेबांना मात्र आनंद झाला. ते माझ्या पाठीवर थाप मारायचे तेवढे राहिले. “बघा मॅडम, कागद कागद करताय. कागदात न्हाई ते हिच्या डोक्यात हाय. विभावरीशिवाय चालायचं न्हाई आपलं.” खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. नोकरी वाचली असंच वाटलं. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गळ्यातला चष्मा पुसत बसल्या.

परतताना जीपमध्ये मगदूमसाहेब खुशीत होते. घरी गेल्यावर जयसिंग म्हणाला, हीच वेळ आहे, आता माग. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं, की मला पाचवा महिना लागतोय, मला सहा महिने रजा पाहिजे आणि मला परत यायचंय.

साहेबांनी मनापासून अभिनंदन केलं. पेढे मागवायला माणूस पाठवला. मग हात जोडले.

“हे बघ पोरी, काय वाट्टेल ते माग. रजा तेवढी मागू नको. काल बघितलं न्हाईस? तू न्हाईस तर अडतंय सगळं. सहा महिने संघानं थांबायचं का? तुला जायचं असलं तर जा, मी कुठं न्हाई म्हणतोय. पण मग मला तुझ्या जागी जाणता माणूस आणायला पायजे. कायमचा.”

काल जे ऐकून मला हायसं वाटलं होतं, त्याच वाक्यानं आज माझी वाट अडवली होती. पेढे आले. मी एक उचलला, तो हातात तसाच घेऊन बाहेर आले आणि मॅडमच्या टेबलासमोर बसले. त्यांनी पेढ्याकडे बघितलं.

“अडतंय म्हणाले?”

मी मान हलवली.

“मलाही म्हणाले होते,” मॅडम म्हणाल्या. “बंगळूरला. माझ्या वडिलांचं शेवटचं दुखणं चालू होतं धारवाडला. माझी बहीण एकटी करत होती त्यांचं. मी रजा मागितली. साहेब म्हणाले, तुमच्यावाचून एक दिवस चालणार नाही. मला काय अभिमान वाटला तेव्हा. सगळं माझ्या डोक्यात होतं ना. एक ओळ लिहिलेली नव्हती कुठं.” त्या थांबल्या. “पोचले तेव्हा सरण रचून झालं होतं. बहीण काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही.”

खाली फाउंड्रीत लोखंडाचा आवाज चालू होता. मॅडमनी माझा तक्ता ड्रॉवरमधून काढला आणि पट्टी त्यावर ठेवली.

“ज्याच्यावाचून अडतं, त्याला कुणी सोडत नाही विभावरी. पेढे देतात. घाल ती ओळ.”

मी पेन घेतलं आणि लिहायला लागले, उंदरांनी वायर कुरतडली असेल तर. मॅडमनी पट्टीचं टोक त्या शब्दांवर ठेवलं. “उंदीर नको. आकडा लिही. उद्या मुंग्या खातील.” मी खोडलं. तापमान शंभराच्या वर दिसत असेल, तर उत्तर ‘सांगता येत नाही’. आणि ‘तयार’च्या ओळीत ‘बहात्तर किंवा जास्त’ खोडून ‘बहात्तर ते शंभर’ केलं. मग मी बाहेरून काय दिसू शकेल तेवढंच डोळ्यांसमोर आणत पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं, आणि माझ्या डोक्यात राहून गेलेल्या आणखीही ओळी सापडल्या. दोन सेन्सर दोन वेगळे आकडे दाखवत असतील तर. आकडा बराच वेळ जराही हललाच नाही तर. एकेक ओळ कागदावर उतरत गेली आणि मला हळूहळू हलकं वाटायला लागलं. त्या वेळी मला ते गरोदरपणाचं लक्षण वाटलं.

तौफिकनं नवा तक्ता घेतला आणि कपाटामागे अदृश्य झाला. दुसऱ्या चाचणीला मॅडमनी कुणाच्या नळीची वाट बघितली नाही, त्यांनी आपल्या हातानं वायर ओढून काढली. व्हॉल्व्ह मागे फिरला. पाणी परत टाकीत. तौफिकनं माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी उंदराच्या मिश्या करून दाखवल्या. मी इतकी हसले, की संघाच्या माणसानं मला बसायला खुर्ची आणली.

मग मॅडम मला घेऊन मगदूमसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. त्यांनी एक कागद साहेबांसमोर ठेवला. त्यावरही तक्ताच होता. डावीकडे परिस्थिती, उजवीकडे काय करायचं ते. वर शीर्षक, ‘विभावरी मोहिते यांची रजा’.

साहेब कागदाकडे आणि मॅडमकडे आळीपाळीनं बघत राहिले. “हे काय आणि?”

“तुम्ही म्हणालात अडेल. कुठं अडेल ते बघू या,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. रजेच्या काळात तापमानाच्या मॉड्यूलमध्ये बदल लागला, तर तौफिक करेल. तौफिक आजारी असेल किंवा नोकरी सोडून गेला असेल, तर तक्ता वाचून दुसरा कुणीही करेल, कारण ते होतं हे आंबेवाडीला दिसलं आहे. बाळाची तब्येत ठीक नसेल, तर रजा दोन महिने वाढेल. ठरल्या दिवशी ती परत आली, तर टेबल तेच, काम तेच. न कळवता आली नाही, तर जागा मोकळी.

साहेब हुशार माणूस. ते खुर्चीत पुढे सरकले आणि भोक शोधायला लागले. त्यांना खेळच मिळाला. जुळी झाली तर? आहे. संघानं दुसरंच यंत्र घेतलं तर? आहे. सासूनं सोडलं नाही तर? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, सासूबाईंना मी विचारलंय, आणि तोही रकाना भरलेला आहे. आमच्या सासूबाई शेतावर बाळाला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून भांगलायला गेलेली बाई. सून कचेरीत जाणार म्हणजे पंख्याखाली बसणार, यात न सोडण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलंच नव्हतं.

शेवटच्या ओळीशी मॅडमची पट्टी थांबली. त्यांनी तीही त्याच आवाजात वाचली. “इंदुमती हेरवाडकर कंपनीत नसतील, तर त्यांची जागा विभावरी मोहिते यांची. त्या रजेवर असतील, तर परत येईपर्यंत तौफिक मुजावर काम बघतील.”

साहेब हसले. “तुम्ही कुठं निघालाय मॅडम?”

“रकाना रिकामा सोडायचा नसतो,” मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी आणखी एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. बोट फिरवत राहिले. मग पेन मागितलं. “आयला, कुठं सापडंना मला,” असं म्हणून त्यांनी सही केली. मला आठवतं, त्या सहीची शाई वाळेपर्यंत मॅडमनी कागद उचलला नव्हता.

मुलगी झाली. रजा संपली. बाळाला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी निघाले तेव्हा मीच सारखी मागे वळून बघत होते, त्या मात्र म्हणाल्या, जा की आता, किती येळ उंबऱ्यात. माडीचा जिना चढून गेले. माझं टेबल होतं तिथंच होतं. पण त्यावर माझं काही नव्हतं. मला क्षणभर शैला आठवली.

कपाटामागून तौफिक आला. “ताई, तुमचं सामान तिकडं नेलंय,” तो म्हणाला आणि त्यानं खिडकीजवळच्या टेबलाकडे हात केला. मॅडमच्या टेबलाकडे. तिथं माझे कागद, माझा पाण्याचा तांब्या आणि त्यांची लाकडी पट्टी ठेवलेली होती.

मॅडम महिन्यापूर्वी गेल्या होत्या. धारवाडला, बहिणीकडे. बहिणीला अर्धांगाचा झटका आला होता आणि तिचं बघायला कुणी नव्हतं. तार आली त्या दिवशी मॅडमनी दुपारचा डबा खाल्ला, तौफिकला दोन कपाटं उघडून दाखवली, साहेबांना नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीत बसल्या. साहेब मला सांगत होते, “मी म्हटलं, अहो असं कसं जाता, अडेल की सगळं. तर मला तो कागद दाखवला, माझ्याच सहीचा. काय बोलणार?” आणि मग जरा घुटमळून म्हणाले, “अडलं मात्र न्हाई.”

दिवाळीनंतर मी आणि जयसिंग मुलीला घेऊन धारवाडला गेलो. मॅडमचं घर बसकं, कौलारू, पुढे पेरूचं झाड. त्यांची बहीण अंगणात उन्हाला खुर्चीत बसली होती, डावा हात मांडीवर निपचित. मॅडम तिला चमच्यानं पातळ भात भरवत होत्या. साडीला खळ नव्हती, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं होतं, एवढी बुद्धिमान बाई, इथं कशी रमणार. पण त्यांचा चेहरा मी उद्यमनगरात कधी पाहिला नव्हता इतका निवांत होता.

आम्ही जेवलो. माझी मुलगी मॅडमच्या बहिणीच्या मांडीवर दिली तर तिनं उजव्या हातानं तिला घट्ट धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. जयसिंग पेरूच्या झाडाचं कौतुक करत होता. मॅडमनी कंपनीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि मीही नाही काढला. निघायच्या वेळी मात्र त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“अडतंय का कुठं?” त्यांनी हळूच विचारलं, पण बहिणीला ऐकू जाईल इतपत.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या काय मागत होत्या ते मला तेव्हा नीट समजलं. “नाही मॅडम,” मी म्हणाले. “तुमच्यावाचून काहीसुद्धा अडत नाही.”

जयसिंग दचकला. जिच्या घरी आत्ताच जेवलो तिला हे ऐकवायचं, म्हणून त्यानं माझ्याकडे डोळे वटारले. मॅडम मात्र वळून बहिणीजवळ गेल्या, तिच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि तिचा तो निपचित हात आपल्या हातात घेतला.

“ऐकलंस अक्का?” त्या म्हणाल्या. “आहे मी आता इथंच.”

अक्कांनी मान हलवली. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. गाडीची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी मुलीच्या दुपट्यात पेढ्यांचा पुडा खोचला आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या.